सोनोग्राफीचे यंत्र : त्याची करणी, त्याची मागणी व आपले कर्तव्य

नांगर, रहाट, तेलाचे इंजिन ही यंत्रे शेतकरी उघडून पाहू शकतो, म्हणून ती त्यास कळतात. सोनोग्राफीच्या यंत्राचे तसे नाही. खर्डी, कसारा, मुरबाड या बाजूस गर्भार सुनेला किंवा मूतखड्याने हैराण झालेल्या कर्त्या पुरुषाला या तपासणीसाठी नेले नाही, अशी घरे आता थोडीच राहिली असतील. तथापि ते यंत्र काय पाहते, काय पाहू शकत नाही व त्याचा खप एवढा का वाढला, याची माहिती पुष्कळांस नसते. सबब ती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

माहुलीच्या कड्यासमोर उभे राहून हाळी घातली असता ती परत ऐकू येते. हवेत ध्वनी दर सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. हाळी एका सेकंदाने परतली, तर कडा 170 मीटरांवर आहे, असा हिशेब निघतो. यंत्राचे सारे काम याच हिशेबाचे आहे. मनुष्याच्या कानास सेकंदास 20,000 कंपनांच्या पलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. यंत्राचा ध्वनी साधारणतः 20 लक्षांपासून 150 लक्ष कंपनांपर्यंत असतो. डॉक्टर हाती धरतात त्या मुठीतील पदार्थ विजेने कंप पावतो, आणि परतलेल्या ध्वनीने कंप पावला म्हणजे उलट वीज उत्पन्न करितो. काही स्फटिकांचा हा गुण फ्रान्सातील क्युरी बंधूंनी 1880 साली शोधून काढिला. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदास सुमारे 1540 मीटर जातो, व एक थर संपून दुसरा लागतो तेथून त्याचा काही अंश परततो. तो किती वेळाने व किती जोराने परतला, यावरून यंत्र पडद्यावर चित्र काढिते.

हवेच्या थरावरून मात्र ध्वनी जवळजवळ सगळाच परततो. म्हणून मूठ व कातडी यांमध्ये हवा राहू नये याकरिता पोटावर चिकट द्रव लावितात. याच कारणाने आतड्यात वायू धरला असता किंवा हाड आड आले असता मागचे नीट दिसत नाही.

या विद्येचा रोगनिदानाकडे उपयोग होण्यास बराच काळ लागला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी तिचे प्रयोग झाले. पुढे लोखंडी कामातील न दिसणाऱ्या चिरा शोधण्याची यंत्रे निघाली. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी प्रसूतिशास्त्राचे अध्यापक इयान डोनाल्ड यांनी तशा यंत्राने पोटातील गाठी तपासून पाहिल्या व आपले निष्कर्ष 1958 साली प्रसिद्ध केले.

आज पित्ताशयातील व मूत्रपिंडातील खडे, यकृतातील गळू, गळ्यातील व स्तनातील गाठी या यंत्राने दिसतात. हृदयाच्या झडपा व रक्ताचा ओघ यांचीही परीक्षा होते. अपघातात पोटात रक्तस्राव झाला आहे की काय, हे काही मिनिटांत कळते. गाठीत सुई घालावयाची तर ती कोठवर गेली, हे पाहता येते. 2020 साली कोरोनाच्या साथीत फुप्फुसे तपासण्यासही हे यंत्र उपयोगी पडले. यात क्ष-किरण नाहीत, त्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा करिता येते. पूर्वी कपाटाएवढे असलेले यंत्र आता खिशात मावेल इतके लहानही निघते. मागणी वाढण्याची ही उघड कारणे होत.

गोठ्यातही हे यंत्र आले आहे. हाताने तपासून गाय गाभण आहे की नाही हे दीड-दोन महिन्यांनी सांगता येते. यंत्राने जाणत्या पशुवैद्यास ते रेतनानंतर 28 ते 30 दिवसांत कळते. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती फळली असे समजून धनी स्वस्थ बसतो, आणि 21 दिवसांची एकेक पाळी फुकट जाऊन वैरणीचा खर्च अंगावर पडतो. शेळीच्या बाबतीत तर आत हात घालून तपासणीच करिता येत नाही, तेथे पोटावरून हे यंत्र लावणे सोयीचे पडते.

गाईच्या पोटातील वासरू नर की मादी, हेही तज्ज्ञास सुमारे दोन महिन्यांनी यंत्रावर ओळखता येते. कालवड किंवा पारडी आहे असे कळले म्हणजे धनी संतोष पावतो. तोच धनी सुनेच्या पोटी मुलगी आहे असे कळल्यास कपाळाला आठ्या घालितो. गोठ्यात मादी हवी व घरात नको, हा कोणत्या शेतीचा हिशेब, हे आम्हास उमगत नाही.

या यंत्राच्या मागणीचा एक भाग रोग्याच्या गरजेतून आलेला नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात 6 वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली 1991 साली 946 होत्या. 2001 साली त्या 913 व 2011 साली 894 भरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा आपल्याच राज्याने 1988 साली केला. केंद्राचा 1994 चा कायदा 1 जानेवारी 1996 पासून अंमलात आला व 2003 साली अधिक कडक झाला. सर्वोच्च न्यायालयात 2000 साली दाखल झालेल्या अर्जावर यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून गिऱ्हाइकांच्या याद्या मागविण्यात आल्या. नोंदणी नसलेल्या केंद्रास यंत्र विकणे हा आता गुन्हा आहे. जमिनीच्या प्रत्येक फेरफाराची नोंद असावी लागते, तशी प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद 'एफ' नमुन्यात ठेवावी लागते. सही करण्यास सांगितले म्हणून दवाखान्यात कोणी हुज्जत घालू नये. तो कागद आपल्याच लेकीबाळींच्या रक्षणाचा आहे.

डॉक्टरच दोषी होतो, असे समजू नये. लिंग सांगण्याची गळ घालणाऱ्या नवऱ्यास किंवा नातलगास पहिल्या गुन्ह्यास 3 वर्षांपर्यंत कैद व 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीवर घरच्यांनी सक्ती केली, असेच कायदा प्रथमतः गृहीत धरितो.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. गर्भारपणात 24 आठवड्यांच्या आत एकदा तरी सोनोग्राफी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची शिफारस आहे. गर्भातील व्यंगे पाहण्यास 18 ते 20 आठवड्यांचा काळ चांगला. सरकारी दवाखान्यांत 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी योजिली आहे, तो दिवस चुकवू नये. पाड्यावरून शहापुरास किंवा कल्याणास जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. परंतु वार खाली आहे किंवा जुळे आहे, हे आधी कळले तर बाळंतपण कोठे करावयाचे ते वेळीच ठरविता येते. पावसाळ्यात रात्री ओढा चढल्यावर तो विचार करण्यास सवड राहत नाही. जुने अहवाल जपून ठेवावे व दर खेपेस बरोबर न्यावे. आणि अहवाल चांगला आला तरी दुखणे राहिल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे, कारण चित्र यंत्र काढिते, पण ते वाचतो मनुष्यच.