कठीण किती आणि गाठ कसली?

मराठीत ‘गाठ’ हा शब्द एरवी किती जिव्हाळ्याचा! लग्नाची गाठ असते, मनाशी बांधलेली खूणगाठ असते, जुन्या मित्राची अवचित गाठ पडते. पण हाच शब्द सोनोग्राफीच्या रिपोर्टातून घरात आला की माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. ‘यकृतात गाठ दिसते’ एवढे वाचून झाल्यावर पुढचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. अलीकडे अशा रिपोर्टात ‘इलास्टोग्राफी’ असा आणखी एक मथळा आणि त्यापुढे किलोपास्कलमध्ये दिलेला एक आकडा असतो. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावे.

कठीणपणावरून आतली अवस्था ओळखणे ही आपली रोजचीच विद्या आहे. गृहिणी आंबा हलकेच दाबून पाहते, माठ वाजवून घेते. डॉक्टरही रुग्णाला उताणा झोपवून, उजव्या बरगडीखाली बोटे ठेवून ‘श्वास घ्या’ म्हणतात, ते यासाठीच. श्वासाबरोबर यकृत खाली सरकते आणि त्याची कड बोटांना लागते. ती मऊ आहे की टणक, यावरून पिढ्यान्‌पिढ्या निदानाची दिशा ठरत आली. व्हिएन्नाच्या औएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून तपासण्याची रीत पुस्तकरूपाने मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली, हे ठोकून पाहण्याच्या युक्तीवरून त्याला ती सुचली, असे सांगतात. पण हाताला मर्यादा आहे. यकृत बरेचसे बरगड्यांच्या पिंजऱ्याआड असते. आत खोलवर बसलेल्या सुपारीएवढ्या गाठीपर्यंत बोट पोचणार कसे?

ते काम ध्वनिलहरींकडे सोपवण्याची कल्पना अमेरिकेत ह्यूस्टनच्या जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली आणि ‘इलास्टोग्राफी’ हे नावही दिले. शरीराचा भाग किंचित दाबायचा आणि दाबण्यापूर्वीचे व नंतरचे चित्र ताडून पाहायचे. मऊ भाग जास्त दबतो, कठीण कमी. पुढे पॅरिसमध्ये यकृतासाठी ‘फायब्रोस्कॅन’ हे यंत्र तयार झाले. त्यात बरगड्यांमधल्या जागेवर एक हलकी टिचकी बसते आणि तिची थरथर यकृतातून पुढे सरकते. कपडे वाळत घालायची दोरी सैल असेल तर हिसका दिल्यावर लाट रमतगमत जाते, ताणलेली असेल तर सपकन जाते. यकृताचेही तसेच. निरोगी यकृतात ही लाट सेकंदाला साधारण सव्वा मीटर जाते. सोनोग्राफीची ध्वनिलहर सेकंदाला दीड हजार मीटरच्या वर धावते, म्हणून त्या संथ लाटेचा माग तिला काढता येतो. वेग दुप्पट झाला की कठीणपणाचा आकडा चौपट होतो. निरोगी यकृताचा आकडा पाच किलोपास्कलच्या आसपास असतो. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी निबर झाले की, तो बहुधा बारा-तेराच्या वर जातो.

फायब्रोस्कॅन मात्र गाठ दाखवत नाही, सबंध यकृताचा निबरपणा सांगतो. गाठीसाठी वेगळी सोय लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत पाहत ध्वनीच्याच झोताने नेमक्या त्या जागी धक्का द्यायचा आणि तिथल्या लाटेचा वेग मोजायचा. काही यंत्रांत त्याचा रंगीत नकाशाच उमटतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, काही मिनिटांचे काम.

मग कठीण ती कर्करोगाची आणि मऊ ती साधी, असे म्हणावे का? इथेच घरोघरी गफलत होते. आतड्यासारख्या दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेला कर्करोग बहुधा कठीण असतो, पित्तनलिकांचा कर्करोग तर फारच. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची ‘हिमँजिओमा’ ही निरुपद्रवी गाठ बहुधा मऊ. इथवर हिशेब जुळतो. पण मध्यभागी व्रण असलेली एक निरुपद्रवी गाठही बरीच कठीण लागते. उलट यकृताच्या पेशींचाच कर्करोग बहुतेक वेळा आधीच निबर झालेल्या यकृतात उगवतो आणि सभोवतालापेक्षा मऊही निघतो. म्हणजे ज्याला भ्यायचे तेच कधी मऊ असते! मी बँकेत होतो तेव्हा कर्जाचे प्रकरण एका आकड्यावर मंजूर होत नसे. इथे तर सवाल जिवाचा आहे. निदानाचा निर्णय रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन केलेल्या सीटी किंवा एमआरआयवर होतो. गाठीत रक्त किती लवकर शिरते आणि रंग किती लवकर उतरतो, हे त्यात दिसते. तरीही शंका उरली तर सुईने तुकडा काढून तपासतात.

आकडा चढायला इतरही कारणे असतात. नुकतेच जेवण झालेले असणे, कावीळ, पित्ताच्या वाटेतला अडथळा, हृदय थकल्याने यकृतात तुंबलेले रक्त. म्हणून दोन-तीन तास उपाशीपोटी जावे. फायब्रोस्कॅनवर एकच मोजणी न घेता सहसा दहा घेऊन मधला आकडा धरतात.

या तपासणीचे खरे मोल गाठीपेक्षा गाठीभोवतीच्या जमिनीत आहे. उरलेले यकृत कितपत धड आहे, शस्त्रक्रिया त्याला सोसेल का, याचा अंदाज तिच्यामुळे बांधता येतो. त्याहून मोठा फायदा गाठ होण्याआधीचा. दारू, हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’, आणि दारूला न शिवणाऱ्या घरांतही वजन व मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी, यांमुळे यकृत वर्षानुवर्षे मुकाट्याने निबर होत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. सिऱ्होसिस झाल्याचे वेळीच कळले, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून गाठ लहान असतानाच पकडता येते आणि लहान गाठीवर इलाज असतो.

‘बी’ला तर लसच आहे. तो विषाणू शोधणाऱ्या बारुक ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ही लस दिली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे २०११ पासून ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे.

तेव्हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ‘गाठ किती कठीण आहे?’ एवढ्यावर थांबू नका. बाकीचे यकृत कसे आहे, ते असे कशामुळे झाले, आणि घरातल्या इतरांनी ‘बी’ची तपासणी करून घ्यायची का, हेही विचारा.