बर्फावरची उसनी वाट

सायकलच्या चाकात हवा कमी वाटली, की आपला हात पंपाकडे जातो. अलास्कातला हिवाळी सायकलस्वार मात्र मुद्दाम हवा सोडतो. मोटारीच्या चाकात तीसेक पौंडांचा दाब असतो, त्याच्या चाकात कधी कधी दहाहूनही कमी. चपटलेल्या टायरवर वजन पसरते आणि चाक बर्फात रुतत नाही.

तिथे १९८७ साली 'इडिटाबाइक' ही २०० मैलांची शर्यत प्रथम झाली. तेव्हाची दोन इंची चाके भुसभुशीत बर्फात रुतत. मग सायकलच ढकलत न्यावी लागे. पुढे तिथल्या कारागिरांनी दोन रिमा जोडून रुंद चाके केली. २००५ साली 'सर्ली' या अमेरिकी कंपनीने जवळजवळ चार इंची टायरांची 'पग्स्ली' बाजारात आणली.

पण चाक कितीही रुंद असो, वाट काही त्याची नसते. ती दाबून घट्ट करतात स्नोमोबाइल आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या. १९२५ साली नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा औषध पोचवले ते अशाच घसरगाड्यांनी.

म्हणून तिथला एक साधा संकेत आहे : चाकामागे खोल चर उमटू लागला, की परत फिरावे. रात्रीत तो चर दगडासारखा गोठतो आणि मागून येणाऱ्याला पाडतो. कर्जाच्या फायलींत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा संकेत फार ओळखीचा वाटतो. उसनी घेतलेली वस्तू धडकी परत करायची, एवढेच तर त्यात आहे.