पदकं ट्रंकेत ठेवू नका!

मैत्रिणींनो, कॉलेजातली पदकं लग्नानंतर ट्रंकेत जातात. आमच्या राजूरला, वणीजवळच्या या खाणीच्या गावातही, अशा ट्रंका सापडतील. म्हणूनच ऋजुता खाडे यांची गोष्ट सांगते.

त्यांचे यजमान वीरधवल कोल्हापूरचे. २००८ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले. २०१० साली आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. जलतरणात भारताला २४ वर्षांनी पदक मिळालं! पुढे तहसीलदारकी आली, तरी पाणी सुटलं नाही.

२०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचं सुवर्ण वीरधवलनी जिंकलं आणि महिलांचं ऋजुताताईंनी! संसार दोघांचा, तसा सरावही दोघांचा.

तेव्हा बायांनो, आपली ट्रंक उघडा. अन् लेकीची तर भरूच देऊ नका.