‘या आठवड्यात किती पाने?’

सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले होते, “दव वरून पडते की खालून येते?” त्या रात्री मुलांनी गवतावर काचेचा पेला उपडा ठेवला. सकाळी तो आतूनही ओला आणि बाहेरूनही! त्यावरून आठवडाभर जो वाद रंगला, तो लिहून काढायचे मी ठरवले. टिपणे वहीत तीन वर्षे पडून राहिली. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात अशी वही असेल. ‘वेळ मिळत नाही’ असे आपण म्हणतो. मे महिन्याच्या सुट्टीतही लेख झाला नाही, हे मात्र सांगत नाही.

असे का होते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी हा प्रश्न प्रयोग करून तपासला. त्यांनी निवडले ते लिखाण अडलेले प्राध्यापक. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाने अगदी निकडीचे सोडून काहीच लिहायचे नाही. दुसऱ्याने लिखाणाच्या वेळा ठरवायच्या, पण मनात आले तरच लिहायचे. तिसऱ्याने ठरल्या वेळी लिहायचेच. नाही लिहिले तर दंड. दंडही मजेशीर होता. स्वतःला मुळीच न आवडणाऱ्या संस्थेला पैसे पाठवायचे!

तिसऱ्या गटाचे लिखाण दुसऱ्याच्या सुमारे साडेतीन पट आणि पहिल्याच्या सुमारे सोळा पट भरले. यात फारसे नवल नाही. नवल पुढेच आहे. बॉइस यांनी नव्या कल्पना किती दिवसांनी सुचतात, याचीही नोंद ठेवली होती. मनाच्या लहरीवर लिहिणाऱ्यांना साधारण दोन दिवसांनी एक कल्पना सुचे, सक्तीने बसणाऱ्यांना रोज एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांनी. म्हणजे आधी सुचावे आणि मग लिहावे, हा आपला क्रमच उलटा असावा.

पण घरी दंड कोण करणार? १९८९ साली बॉइस यांनी आणखी एका अभ्यासाचे आकडे दिले. पुन्हा तीन गट. पहिल्याने जुन्या सवयीप्रमाणे, मोठी सवड मिळेल तेव्हा लिहिले. वर्षाची सरासरी १७ पाने. दुसऱ्याने रोज थोडे लिहिले आणि त्याची नोंद ठेवली, ६४ पाने. तिसऱ्यानेही रोज लिहिले, नोंद ठेवली आणि शिवाय आठवड्यातून एकदा आपल्या कामाचा हिशेब दुसऱ्या कोणाला तरी दिला, १५७ पाने.

६४ आणि १५७ या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. दोन्ही गटांची शिस्त एकच, वहीही एकच. भर पडली ती फक्त ‘आठवड्याच्या शेवटी कोणीतरी विचारणार आहे’ एवढ्याची. अर्थात गट लहान होते आणि मोजली ती पाने, त्यांचा कस नव्हे. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग दुसऱ्याची नजर नेहमीच उपयोगी पडते का? रॉबर्ट झायन्स यांनी १९६९ साली सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेला प्रयोग झुरळांवरचा आहे. सरळ वाटेवर झुरळे, इतर झुरळे ‘प्रेक्षक’ असताना, एकटी असतानापेक्षा वेगाने पळाली. वाट चक्रव्यूहाची केली, तेव्हा प्रेक्षकांमुळे ती उलट रेंगाळली. झुरळांवरून माणसाबद्दल बोलताना बेतानेच बोलावे. पण सोपे, सरावाचे काम इतरांदेखत सुधारते आणि अवघड काम बिघडते, असे माणसांवरच्या प्रयोगांतही दिसले आहे. टेबलापाशी जाऊन बसणे ही सरळ वाट. वाक्य जुळवणे हा चक्रव्यूह. तेव्हा गटाने पाहारा ठेवावा तो बसण्यावर. वाक्यावर नव्हे, असे मला वाटते.

पीटर एल्बो यांच्या ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (१९७३) या पुस्तकात जवळपास हेच आहे. लिहिता येईना म्हणून हार्वर्डमधील पुढचे शिक्षण अर्धवट सोडण्याची वेळ या गृहस्थांवर आली होती. त्यांच्या कल्पनेतील गट सात ते बारा जणांचा. दर आठवड्याला जमायचे आणि प्रत्येकाने काहीतरी लिहून आणायचे. ऐकणाऱ्याने चांगले-वाईट ठरवायचे नाही. ऐकताना आपल्या मनात काय काय झाले, तेवढे सांगायचे.

आपल्याला हे जड जाते, कारण हातात सदैव लाल पेन. आम्ही चौघे शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जमू लागलो, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी एका बाईंच्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पुढचे दोन शनिवार त्यांनी काही आणले नाही. मग नियम केला. आधी फक्त एवढेच सांगायचे: किती दिवस बसलात, किती पाने झाली? शून्य असेल तर शून्य. वाचन त्यानंतर, आणि शुद्धलेखन अगदी शेवटच्या प्रतीला.

दवाचा लेख अकराव्या शनिवारी पुरा झाला, निदान मला तसे वाटले. वाचून संपल्यावर त्याच बाई म्हणाल्या, “सर, पेला आतून ओला कसा झाला ते समजले. पण बाहेरच्या पाण्याशी आले आणि मी अडकले. ते कुठून आले?”

रविवारी पुन्हा बसावे लागले.