समुपदेशकाच्या खोलीत काय घडते?



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या शाळेत बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. समुपदेशक म्हणून काम करताना मला वारंवार एक प्रश्न विचारला जातो : ‘तिथे गेल्यावर नेमके होते काय?’ याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कित्येकजण येतच नाहीत. काही पहिल्या भेटीनंतर निराश होऊन थांबतात. म्हणून आज मी तेवढ्याच प्रश्नापुरते बोलणार आहे.

गैरसमजाचे मूळ बरेचसे आपल्या शब्दातच आहे. ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे. त्यामुळे देवापुढे गाऱ्हाणे घालून कौल मागावा, तसा माणूस विचारतो, ‘आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा.’ वास्तविक उपदेश त्याला घरीदारी भरपूर मिळालेला असतो. मिळालेले नसते ते निवांतपणे, निवाडा न करता ऐकून घेणारे माणूस.

पहिली भेट साधारणपणे पाऊण तासाची असते आणि ती मुख्यतः ओळखीची असते. त्रास केव्हापासून आहे, झोप व भूक कशी आहे, घरी कोण कोण आहे, पूर्वी कोणते उपचार झाले, असे प्रश्न विचारले जातात. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट विचारले जाते. त्या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. आपणही शिक्षण, अनुभव, शुल्क आणि भेटींची संख्या यांविषयी निःसंकोच विचारावे. मराठी, कोंकणी, जी भाषा मनाला जवळची, तीतच बोलावे.

पुढच्या भेटींत खरे काम सुरू होते. समजा, निवृत्तीनंतर एका गृहस्थांची झोप उडाली आहे. समुपदेशक त्यांना ‘मन रमवा’ असे सांगत नाही; तो विचारतो, ‘पहाटे जाग येते तेव्हा पहिला विचार कोणता येतो?’ बराच वेळ शांतता राहते. मग उत्तर येते, ‘आता माझी कोणाला गरज उरली नाही.’ हे वाक्य त्यांनी स्वतःशीही कधी उच्चारलेले नसते. ते कितपत खरे आहे, त्यापायी आपण काय काय करणे सोडून दिले, याचा शोध दोघे मिळून घेतात. दोन भेटींच्या मधल्या काळात एखादी नोंदवही ठेवणे, सुटलेला एखादा परिपाठ पुन्हा धरणे, असा अभ्यासही दिला जातो. एखाद्या भेटीनंतर मन अधिक जड होते. तेही पुढच्या भेटीत सांगावे.

एवढ्याने गुण येतो का, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर आपल्या गोव्यातच मिळाले आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशक होते खास प्रशिक्षण दिलेले सामान्य नागरिक. बैठका सहा ते आठ, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाच्या. सोडून दिलेली कामे आणि भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करणे, यावर त्यांचा भर होता. तीन महिन्यांनी, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना समुपदेशनाचीही जोड मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होते. याचा अर्थ प्रत्येकाला गुण येतोच असा नाही, आणि सहा-आठ भेटी सर्वांना पुरतात असेही नाही.

लहान गावात मोठी धास्ती असते ती बोभाटा होण्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मर्यादाही आहेत : स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, अथवा बालकावरील लैंगिक अत्याचार उघड झाला असेल, तर माहिती योग्य ठिकाणी द्यावी लागते. चांगला समुपदेशक या मर्यादा प्रथमच स्पष्ट करतो.

समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर नसेल, तर तो औषधे देत नाही. भास होणे, वास्तवाचे भान सुटणे अशी लक्षणे दिसल्यास त्याने रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. तसे पाठवणे ही त्याची हार नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. तीन-चार भेटींनंतरही विश्वास वाटत नसेल, तर तसे सांगून दुसरा समुपदेशक निवडण्यात गैर काही नाही. मात्र कोणी अपमान करत असेल, गुपिते फोडत असेल वा हमखास बरे करण्याची ग्वाही देत असेल, तर तेथे पुन्हा जाऊ नये. प्रत्यक्ष जाणे अवघड असल्यास १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

चांगल्या समुपदेशनाचा शेवटही ठरवून केलेला असतो. भेटींमधले अंतर वाढत जाते आणि एके दिवशी आपल्या लक्षात येते की समुपदेशक विचारत असे ते प्रश्न आता आपण स्वतःलाच विचारू लागलो आहोत. चांगल्या शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याकडून याहून वेगळे काय हवे असते? ही गोष्ट या शाळेत शिकलेल्यांना अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी कोणी मनातल्या मनात झुरत असेल, तर त्याला उपदेश न करता ‘मी तुझ्याबरोबर येतो’ एवढेच म्हणावे, अशी विनंती करून मी थांबते.