रजःपूर्व मनोविकार आणि विषाद : निदानातील विवेक

आर्तवविकारांच्या चिकित्सेत वेदना, अतिस्राव व अनियमितता यांविषयी आपण नेमकेपणाने प्रश्न विचारतो. परंतु रजःस्रावापूर्वी येणारा क्रोध, रडू, निराशा यांविषयी रुग्णा स्वतःहून बोलत नाही आणि आपणही फारसे विचारीत नाही. घरात त्याला ‘स्वभाव’ म्हटले जाते, चिकित्सालयात ‘पाळीचा त्रास’ म्हटले जाते. या दोन्ही शब्दांनी निदान होत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाचा व्यावहारिक विचार करावयाचा आहे.

आमचा एक अनुभव

सुमारे चौतीस वर्षांच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. “पाळीच्या आधीचे आठ दिवस मी माझी राहत नाही,” असे त्यांचे शब्द होते. आम्ही अशोकारिष्ट व शतावरी कल्प दिला, पथ्य सांगितले. तीन महिने उलटले तरी उपशय नव्हता. तेव्हा आम्ही त्यांना घरातील दिनदर्शिकेवर रोज रात्री मनःस्थितीचा एक अंक लिहावयास सांगितला. दोन महिन्यांनी ती दिनदर्शिका समोर आली आणि आमची चूक उघड झाली. रजःस्रावानंतरच्या आठवड्यातही अंक वाईटच होते; पाळीपूर्वी ते अधिक वाईट होत एवढेच. पुढे खोदून विचारता, जगणे नकोसे झाल्याचे विचार वर्षभर येत असल्याचे त्यांनी सांगितले. हा रजःपूर्व विकार नव्हता, तर मूळ विषादाची रजःपूर्व वृद्धी होती. मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांनी व आमच्या पूरक चिकित्सेने त्या सावरल्या. परंतु ते पाच महिने आम्ही गमावले होते, हे मान्य केलेच पाहिजे.

आधुनिक मत

रजःपूर्व ताणाचे वर्णन रॉबर्ट फ्रँक यांनी 1931 साली केले. या विकाराचे तीव्र मानसिक रूप म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, संक्षेपाने पीएमडीडी. 2013 मध्ये डीएसएम-5 या वर्गीकरणात त्याला नैराश्यविकारांत स्वतंत्र स्थान मिळाले. रजःस्रावापूर्वीच्या अखेरच्या आठवड्यात किमान पाच लक्षणे असणे, त्यांत चिडचिड, निराशा, चिंता वा भावनांची अस्थिरता यांपैकी किमान एक असणे, स्राव सुरू झाल्यावर काही दिवसांत ती ओसरणे आणि स्रावोत्तर आठवड्यात ती जवळजवळ नसणे, हे त्याचे निकष होत. दोन आवर्तनांच्या दैनंदिन नोंदींनी निदान निश्चित करावे लागते.

यात संप्रेरकांचे प्रमाण बहुधा प्राकृतच असते. 1998 साली श्मिट व सहकाऱ्यांनी दाखविले की, संप्रेरकांच्या प्राकृत चढउतारांनाच या स्त्रियांचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. म्हणून संप्रेरकांचा अहवाल प्राकृत आला यावरून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे रुग्णेला सांगणे अन्यायकारक होय.

आयुर्वेदीय संप्राप्ती

या नावाचा स्वतंत्र व्याधी संहितांत नाही. दोषदूष्यांचा विचार करूनच संप्राप्ती मांडावी लागते. रजःकाल, ऋतुकाल व ऋतुव्यतीतकाल यांपैकी ऋतुव्यतीतकालात पित्ताचे प्राबल्य मानले जाते. आर्तव आग्नेय असल्याचे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. स्राव जवळ येताच अपान वायूचे कार्य वाढते. त्यामुळे क्रोध, दाह, शिरःशूल असता पित्तानुबंध. भय, अनिद्रा, अस्थिरता असता वातप्राधान्य. जडता, शोथ, अतिनिद्रा असता कफानुबंध समजावा. चरकाचार्यांनी विषादाची गणना वाताच्या नानात्मज विकारांत केली आहे आणि रोग वाढविणाऱ्या भावांत त्याला अग्रस्थान दिले आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

निदानाचा क्रम

प्रथम दोन आवर्तनांची दैनंदिन नोंद घ्यावी. निद्रा, चिडचिड, निराशा व कामातील अडथळा यांना शून्य ते तीन असे अंक पुरेसे होतात. सोबत रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासावे. चाळिशीनंतर रजोनिवृत्तिपूर्व काळाचा, तसेच पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके आले होते काय याचा विचार करावा. आत्मघाताच्या विचारांविषयी स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. ते आढळल्यास दोन महिन्यांच्या नोंदीची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे आणि रुग्णेला एकटी सोडू नये. 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चिकित्सालयात व औषधालयात दिसेल असा लावावा.

चिकित्सा

सौम्य व मध्यम अवस्थेत निदानपरिवर्जन, नियमित निद्रा व व्यायाम, तसेच अतितिखट, मद्य व अतिचहा यांचा त्याग हा पाया होय. नाचणी, तीळ व दूध आहारात असावे. कॅल्शियमने रजःपूर्व लक्षणे घटल्याचे 1998 च्या एका मोठ्या चाचणीत आढळले होते. पित्तानुबंधी शतावरी चूर्ण 3 ते 6 ग्रॅम दुधातून, वातप्राधान्यात अश्वगंधा, अनिद्रेत जटामांसी, तसेच अभ्यंग, शिरोधारा व मात्राबस्ति यांची योजना दोषानुसार करावी. रजःकालात ही कर्मे थांबवावीत. सत्त्वावजय हा केवळ उपदेश नव्हे. पतीला वा सासूला समोर बसवून व्याधी समजावणे हाही त्याचाच भाग आहे.

या कल्पांना पीएमडीडीमध्ये मोठ्या तौलनिक चाचण्यांचे पाठबळ अद्याप लाभलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. तीव्र अवस्थेत सेरोटोनिनवर कार्य करणारी आधुनिक औषधे सिद्ध आहेत. काही रुग्णांना ती केवळ आवर्तनाच्या उत्तरार्धात दिली जातात. चालू असलेली अशी औषधे आपण परस्पर बंद करू नयेत; अचानक बंद केल्यास त्रास बळावतो.

औषधालयांसाठी

युरोपात या विकारासाठी वापरली जाणारी व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कास्टस ही वनस्पती आणि आपली निर्गुंडी, म्हणजे व्हायटेक्स निगुंडो, एकाच प्रजातीतील असल्या तरी भिन्न आहेत. एकीच्या जागी दुसरी देऊ नये. ब्राह्मी मागितल्यावर मंडूकपर्णी दिली जात नाही ना, हे पाहावे. गर्भधारणेची शक्यता, यकृतविकार, थायरॉइडची औषधे वा झोपेच्या गोळ्या असता अश्वगंधा वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये. ‘पाळीच्या आधी मन लागत नाही, काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्या भगिनीला बाटली देण्याआधी वैद्यांकडे जाण्यास सांगावे.

दिनदर्शिका व लेखणी यांना मूल्य फारसे पडत नाही. त्यांच्या अभावाचे मूल्य मात्र रुग्णेला मोजावे लागते. वैद्यबंधुभगिनींनी पुढील रुग्णेपासूनच ही नोंद सुरू करावी, एवढीच नम्र विनंती.