इयत्ता तिसरी : एका शैक्षणिक वर्षात मूल काय काय शिकते?

प्रस्तावना
प्राथमिक शिक्षणात तिसरीचे वर्ष वळणाचे असते. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून त्याला वाचून शिकावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील ५+३+३+४ या रचनेतही पायाभूत स्तर दुसरीला संपतो आणि तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारीचा स्तर सुरू होतो. म्हणून या वर्षात विषयवार काय शिकणे अपेक्षित आहे आणि हे विषय एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, ते या पाठात पाहू. तुम्ही अध्यापक पदविकेचे विद्यार्थी असाल किंवा पालक, दोघांनाही याचा उपयोग होईल.

वर्षाची मर्यादा
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सर्व विषय एवढ्यातच बसवायचे असतात. त्यामुळे प्रत्येक विषय स्वतंत्र कप्प्यात शिकवणे परवडत नाही.

भाषा
एनसीईआरटीने २०१७ मध्ये इयत्तावार अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. वर्षअखेर मुलाला काय करता आले पाहिजे, याची ती यादी आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेरचे लक्ष्य आणखी नेमके केले : मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत. यातला ‘अर्थ समजून’ हा भाग महत्त्वाचा आहे. घडाघडा वाचणाऱ्या मुलाला ‘गोष्टीतली मुलगी का रुसली?’ असे विचारून पाहा. त्याला उत्तर सुचले नाही तर त्याने अक्षरे ओळखली, मजकूर वाचला नाही. याशिवाय ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगणे, अनुभवाबद्दल चार-सहा वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहिणे आणि विरामचिन्हे ओळखून वाचणे हेही या वर्षात येते.

गणित
तीन अंकी संख्या, स्थानिक किंमत, हातच्याची बेरीज-वजाबाकी, पाढे, समान वाटणीतून भागाकाराची ओळख, लांबी-वजन-धारकता, दिनदर्शिका, घड्याळ, नाणी-नोटा, आकृत्या आणि ताळ्याच्या खुणांनी माहिती मांडणे हा वर्षाचा आशय आहे. निपुण भारतचे लक्ष्य ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचण्या-लिहिण्याचे आहे.

इथे मराठी मुलाची एक खास अडचण लक्षात घ्या. ‘त्रेचाळीस’ हा शब्द आधी तीन सांगतो आणि मग चाळीस, पण अंकांत लिहिताना आधी ४ येतो. म्हणून अनेक मुले ऐकून ३४ लिहितात. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येते, तर लिहायचे असते ४९. हिंदीतही असेच आहे. तेलुगू, कन्नड व तमिळमध्ये मात्र दशक आधी उच्चारले जाते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावर मोठी चर्चा झाली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता. वर्गात अशी चूक दिसली तर ‘मुलाला गणित येत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देऊन संख्या करून घ्या, नंतर अंक लिहायला सांगा.

परिसर अभ्यास
कुटुंब, शेजार, प्राणी-वनस्पती, अन्न, पाणी, घरे, प्रवास हे विषय तिसरीत एकत्र येतात. विज्ञान आणि सामाजिक शास्त्र अजून वेगळे झालेले नसते. एनसीईआरटीच्या २०२४ च्या नव्या पुस्तकाचे नाव ‘अवर वंडरस वर्ल्ड’ आहे. महाराष्ट्रात तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या निघत आल्या आहेत, कारण मुलाचे पहिले जग त्याचे गाव आणि जिल्हा हेच असते. पाठांतर हे या विषयाचे उद्दिष्ट नव्हे. निरीक्षण करणे, प्रश्न विचारणे, मोठ्या माणसांकडून माहिती मिळवणे आणि वर्गीकरण करणे ही कौशल्ये त्यात घडायला हवीत.

कला आणि खेळ
एनसीईआरटीने तिसरीसाठी कलेचे ‘बांसुरी’ आणि शारीरिक शिक्षणाचे ‘खेल योग’ अशी स्वतंत्र पुस्तके काढली. हे तास भाषा-गणिताला ‘उसने’ देण्याची सवय अनेक शाळांत आहे. ती सोडली पाहिजे.

विषयांची सांगड
पुढील उदाहरण पाहा. ‘रेश्माकडे ४३ मणी आहेत. तिच्याकडे सलीमपेक्षा १५ मणी जास्त आहेत. सलीमकडे किती मणी?’ ‘जास्त’ हा शब्द दिसताच मूल बेरीज करून ५८ लिहिते. बरोबर उत्तर २८ आहे. मुलाची बेरीज अचूक आहे, चुकले ते वाक्याचे आकलन. अशा मुलाला वजाबाकीची आणखी वीस उदाहरणे देऊन उपयोग नाही. त्याच्याकडून वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगून घ्या आणि चित्र काढून घ्या.

वाचन कच्चे राहिले तर सगळेच विषय एकदम अडतात. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता आला. उरलेल्या मुलांपुढेही तिसरीची सगळी पुस्तके उघडलेली असतातच. त्यांच्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच वाचनाचा रोजचा वेळ राखून ठेवणे हे शिक्षकाचे पहिले काम ठरते.

मूल्यमापन
अधिनियमाला सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन अपेक्षित आहे. म्हणून गुणांच्या जोडीला छोट्या नोंदी ठेवा : कोणत्या संख्येवर मूल अडखळले, कोणता प्रश्न त्याने आपणहून विचारला. पालकसभेत नुसत्या श्रेणीपेक्षा या नोंदी जास्त सांगून जातात.

सारांश
तिसरीत विषय अनेक असले तरी पाया एकच आहे : समजून वाचणे आणि संख्येचा अर्थ कळणे.

स्वाध्याय
१. तुमच्या परिसरातील आठवडी बाजार हा घटक घेऊन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांची प्रत्येकी एक कृती तयार करा.
२. ‘जास्त’ किंवा ‘कमी’ हा शब्द असूनही नेहमीच्या उलट क्रिया करावी लागेल, अशी दोन शाब्दिक उदाहरणे लिहा.
३. एका मुलाने ‘सदुसष्ट’ ऐकून ७६ लिहिले. कारण सांगा आणि उपाय सुचवा.